श्रावणातला बांगडा

आम्ही मूळचे मालवणचे, राहतो पुण्यात. आमच्या इमारतीत कुठेही, कसलाही उग्र वास सुटला की जिन्यातल्या माना आपोआप आमच्या दाराकडे वळतात. ड्रेनेजचं झाकण उघडं राहिलं तरी वळतात. त्याची आता सवय झाली आहे. पण यंदा वास आला तो ऐन श्रावणात, आणि माना वळल्या त्या घरातल्याच.

श्रावण आमच्याकडे कडक. गटारीला कोंबडीचा फडशा पाडायचा, दुसऱ्या दिवशी मासे कापायची विळी धुऊन माळ्यावर टाकायची, ती गणपती गेल्यावरच खाली उतरते. अशा घरात तिसऱ्या आठवड्यात हॉलभर सुक्या बांगड्याचा वास पसरला. बांगडा म्हणतोय ही माझी सभ्यता. बांगडा, गंजलेला डबा आणि पावसाळाभर न वाळलेलं पायपुसणं एकत्र केलं, तर जवळपास पोचता येईल.

"रे, हो सुक्या बांगड्याचो वास खंयसून येता?" आईने विचारलं.

मी म्हटलं, मला काय माहीत. तर ती जवळ आली आणि तिने माझ्या तोंडाचा वास घेतला. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. माझ्या हाताखाली अकरा माणसं काम करतात.

"खरा सांग, खंय जेवन इलंस?"

बायकोने फ्रिज रिकामा केला. मी सिंकखालचा पाइप उघडला आणि नंतर प्लंबर बोलावून तो बसवून घेतला. फिनेलच्या दोन बाटल्या संपल्या. वास तासभर जायचा आणि पुन्हा यायचा. कधी सोफ्यापाशी, कधी देव्हाऱ्याजवळ. हिंडता वास होता तो. हिंडणारी गोष्ट घरात एकच होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

ती गोष्ट म्हणजे लाडू. आमचा पग. नाव मुलीने ठेवलं आणि त्याने ते आकाराने सार्थ केलं. घरातल्या सगळ्यांचा श्रावण, तर याचा का नाही, असा विचार करून आईने त्यालाही श्रावण धरायला लावला होता. उकडलेलं चिकन बंद. सकाळ-संध्याकाळ दूधभात, मध्ये भूक लागली तर दुधात बुडवलेलं ग्लुकोजचं बिस्किट. त्याला दिवसभर मध्येच असायची.

त्याच सुमारास त्याने एक नवा प्रकार सुरू केला. बसायचं, मागचे पाय पुढे ताणायचे आणि पुढच्या पायांनी अंग ओढत, बूड सतरंजीला घासत, खिडकीपासून देव्हाऱ्यापर्यंत जायचं. आईला वाटलं, श्रावण अंगी लागला, लोटांगण घालतोय. मुलीने रील काढलं. तळमजल्यावरचे काका म्हणाले, जंत. जंताचं औषध दिलं. लोटांगण चालूच.

आणि मग आली दहीहंडी.

आमच्या चौकात थर किती लागतात ते मला सांगता येणार नाही, पण स्पीकरच्या भिंतीला मात्र नक्की सहा थर असतात. त्या संध्याकाळी लाडू थरथरत बाबांच्या मांडीवर जाऊन बसला. बाबांचं आणि त्याचं तोवर विशेष नव्हतं. बाबा माणसांशीसुद्धा एकाच विषयावर बोलतात: पोट. मी हॉस्टेलला होतो तेव्हा त्यांचं दर आठवड्याला पत्र यायचं. पहिली ओळ, 'पोट साफ होते ना?' शेवटची, 'पाणी भरपूर पिणे.' मध्ये काही असलंच तर मनीऑर्डरचा उल्लेख. ते स्वतः गेली तीस वर्षं रात्री झोपताना इसबगोल घेतात, आणि सकाळचा पेपर हातात घेताना त्यांचा चेहरा कसा आहे त्यावरून घराला दिवसाचा अंदाज येतो.

चौकात सुतळी बॉम्ब फुटला. त्याच क्षणी लाडूही.

मनात लाडू फुटतात हे ऐकून होतो. आमचा बाबांच्या पांढऱ्या लेंग्यावर फुटला. तपकिरी रंगाचं, चमचाभरही नसेल इतकं पाणी. पण पुढचं अर्धं मिनिट त्या खोलीत कुणी श्वास घेतला नाही. पहिला शब्द आई बोलली, "गावलो बांगडो!" आणि मला अखेर निर्दोष सोडण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाबाही आले, तक्रारदार म्हणून. डॉक्टर मुलगी तरुण होती. तिने हातमोजा चढवला, शेपटी वर केली आणि शांतपणे म्हणाली, "घड्याळ डोळ्यासमोर आणा. हे गुदद्वार. याच्या दोन्ही बाजूंना, चारच्या आणि आठच्या काट्यावर, आत एकेक पिशवी असते. वाटाण्याएवढी." त्या दिवसापासून चारचा चहा आणि आठचं जेवण या दोन्ही वेळा माझ्या मनातून उतरल्या आहेत.

पिशव्या प्रत्येक कुत्र्याला असतात, मांजरालाही असतात. त्यात जो द्रव साठतो, तो त्या प्राण्याचं आधार कार्ड. दोन कुत्री भेटली की एकमेकांच्या मागे जाऊन हुंगतात ती हीच ओळखपत्रं तपासायला. अमेरिकेतला स्कंक तर याच पिशव्यांचा पिचकारीसारखा वापर करून शत्रूला पळवून लावतो. एरवी काही करावं लागत नाही. शी घट्ट असली की जाताजाता पिशव्यांवर दाब पडतो, त्या थोड्याथोड्या रिकाम्या होतात. शी पातळ झाली की दाब पडत नाही. द्रव साठतो, दाट होतो, तोंड बुजतं, खाज सुटते. मग लोटांगण.

"याला पातळ होतंय का सध्या? दूध देता का?"

आम्ही सगळ्यांनी आईकडे पाहिलं. बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही, आणि आम्ही त्याला तीन आठवडे दुधावर ठेवलं होतं. म्हणजे घरात मासळीचा वास सुटला होता तो मासळी बंद केल्यामुळे. उपासाचं इतकं थेट फळ आमच्या घराण्यात आजवर कुणाला मिळालं नसेल.

डॉक्टरांनी बोट आत घालून, अंगठा बाहेरून टेकवून एकेक पिशवी हळूच दाबली. लाडूने माझ्याकडे असं पाहिलं की त्याच्या डोळ्यांतलं काही वाचायचं शिल्लक राहिलं नाही. कापसावर आलं ते पेस्टसारखं होतं. बाबा खिडकीजवळ गेले.

मी उत्साहाने विचारलं, हे यूट्यूबवर बघून घरी करता येईल का? ती म्हणाली, "शिकल्याशिवाय नको. आणि त्रास नसताना दर महिन्याला हौस म्हणून तर मुळीच नको. उगाच दाबून तिथे सूज येते. पण बाजूला लाल गाठ दिसली, रक्त किंवा पू आला, शी करताना ओरडला, तर थांबू नका. आत गळू होऊन फुटतं. मग भूल देऊन धुवावं लागतं, अँटिबायोटिक द्यावं लागतं. पुन्हापुन्हा झालं तर पिशव्या काढाव्या लागतात, आणि तिथल्या नसांना धक्का लागला तर शीवरचा ताबा जाऊ शकतो. ॲलर्जीनेही हे होतं. वजनही कमी करा. लहान जातीच्या, लठ्ठ कुत्र्यांना हे जास्त."

बाजूला मांजराची टोपली मांडीवर घेऊन एक आजी बसल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, आमची मनी तर घासत नाही, नुसती शेपटीखाली चाटत बसते, तिथले केस गेलेत. डॉक्टर म्हणाली, दाखवा. मांजर बोभाटा करत नाही, चाटत बसतं. मातीचा ट्रे सोडून भलतीकडे बसायला लागतं. तरी बहुतेक मांजरांना आयुष्यभर हा त्रास होत नाही.

नंतर वाचलेल्या एका गोष्टीने माझी करमणूक केली. पहिल्या शतकातला रोमन कथाकार फीड्रस सांगतो की माणसं नीट वागवत नाहीत अशी फिर्याद घेऊन कुत्र्यांचे दूत देवराज ज्युपिटरकडे गेले आणि त्याचा दरारा बघून दरबारातच घाण करून बसले. दुसऱ्या खेपेला कुत्र्यांनी खबरदारी म्हणून दूतांच्या मागे अत्तर ठासून पाठवलं. ज्युपिटर गरजला आणि अत्तरासकट सगळं बाहेर. ते दूत परत आले का, हे बघायला कुत्री अजून एकमेकांचं मागे हुंगतात. गोष्ट दोन हजार वर्षं जुनी, पण गडगडाट झाला की कुत्र्याच्या मागचं अत्तर सांडतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फक्त त्याने अत्तर म्हटलं. त्याच्या दरबारात बाबांचा लेंगा नव्हता.

दवाखान्यात शेवटी डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: दूध, बिस्किटं बंद. उकडलेला लाल भोपळा, दोन चमचे. आणि जेवणात कालवून, भरपूर पाण्याबरोबर, चिमूटभर इसबगोल.

खिडकीपाशी उभे असलेले बाबा वळले.

"इसबगोल?" ते म्हणाले. "कुत्र्याला?"

"हो काका. शी घट्ट आणि भरदार व्हायला."

तीस वर्षं आम्ही ज्याची चेष्टा केली, त्यावर अखेर पदवीधर डॉक्टरची सही झाली. बाबांनी तो कागद घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. आईने चिकन वेगळ्या पातेल्यात उकडायला परवानगी दिली, लाडूच्या पोटाला देवाने माफी दिली आहे, असं जाहीर करून.

त्याला आता दीड महिना झाला. वास गेला, लोटांगण थांबलं. रात्री साडेनऊला बाबा इसबगोलचा डबा काढतात. एक चमचा स्वतःच्या पेल्यात, एक चिमूट लाडूच्या वाडग्यात. पहाटे दोघं हातात पिशवी घेऊन नदीकाठच्या रस्त्याला जातात. मी एकदा मागून गेलो होतो. बाबा लाडूच्या मागे कमरेवर हात ठेवून, थोडे वाकून, अंपायरसारखे उभे होते. चेहऱ्यावर काळजी होती, ती मी कधी पाहिली नव्हती. म्हणजे फक्त वाचली होती, इनलँड लेटरच्या पहिल्या ओळीत.

सात वाजता ते परत येतात. बाबा दारातच चपला काढतात, पेपर उचलतात आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "दोघांचंही झालं."