कामाला लागा!

अकराही जणांना वरून एकच निरोप आला: ‘कामाला लागा.’ अकराही जण एकाच पक्षाचे. कुठल्या, ते विचारू नका. कुठलाही घ्या, बेरीज अकराच येते. हा निरोप फक्त आपल्यालाच आला, अशी प्रत्येकाची खात्री. आणि ‘कुणाला बोलू नका’ असं म्हणून अकराही जणांनी तो मला सांगितला. गुपित ठेवायला मी इतका लायक आहे, हे साठ वर्षांत देगलुरात कुणी ओळखलं नव्हतं.

बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही चार म्हातारे रोज सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला खात नगराध्यक्षपदाचे इच्छुक तोलतो. मोंढ्यात सोयाबीनच्या पोत्यातून मूठभर दाणे काढून यंत्रात ओलावा बघतात. काटा बाराच्या वर गेला की खरेदीदार तोंड वाकडं करतो. आम्ही निरोपातला ओलावा बघतो. समक्ष म्हणाले की फोनवर? फोन वरच्यांनी केला की वरच्यांच्या ड्रायव्हरनं? म्हणताना हात खांद्यावर होता की गाडीच्या काचेवर? काच खाली होती की अर्धी वर? अर्धी वर असेल तर भाव तिथंच पडला.

त्यातही खरी मेख शेवटच्या अक्षरात असते. ‘कामाला लागा’ हा हुकूम. ‘कामाला लागा की’ ही परवानगी. म्हणजे अडवलंय कुणी? ‘कामाला लागा मग’ याचा अर्थ, उठा आता, बाहेर दुसरा बसलाय. ‘लागून तर बघा’ म्हणजे पैसे तुमचे. आणि ‘लागलात ना कामाला?’ असं विचारलं, तर ते तुम्हाला ओळखत नाहीत, समोर पांढरे कपडे दिसले म्हणून विचारलंय. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांनी जन्मभर आज्ञार्थ शिकवला. आज्ञार्थाचे इतके अर्थ असतात हे त्यांना या दिवाळीत कळलं. परवा एक इच्छुक हर्षानं सांगत आले, ‘गुरुजी, मला तर दोनदा म्हणले, लागा लागा!’ गुरुजींनी चष्मा पुसला. म्हणाले, ‘बापू, दोनदा म्हणतात ते वाटेला लावताना.’

तिकडं अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी कुणाला द्यायची, यासाठी सामान्य मतदार मत देतात. आयोवात, न्यू हॅम्पशायरमध्ये ऐन हिवाळ्यात माणसं घराबाहेर पडून आपल्याच पक्षातला कोण बरा ते ठरवतात. आमचाही अध्यक्षच आहे, नगराचा असला म्हणून काय झालं? पण आम्हाला विचारायची पद्धत नाही. आम्ही तोलायचं, भाव करायचा, आणि पोतं कुणी उचललं ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचं.

बरं, कामाला लागणं म्हणजे करायचं काय? पहिल्या दिवशी कपड्यांना कडक इस्त्री. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स. तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्याच्या दुःखात सहभाग. हल्ली आमच्याकडं मयताला खांदा द्यायला नातेवाइकांना नंबर लावावा लागतो. दहाव्याला कावळ्याच्या आधी इच्छुक हजर. एक जण तर इतके कामाला लागलेत, की बाजाराला आलेल्या मदनूरच्या माणसाला तेलुगूत आणि औरादच्या माणसाला कन्नडात नमस्कार घालतात. एकाचं मत तेलंगणात, दुसऱ्याचं कर्नाटकात. पण काम म्हटलं की सीमा बघायची नसते.

चाळीस हजार ते एक लाख वस्तीच्या गावात नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराला ११ लाख २५ हजारांची खर्चमर्यादा आहे. ती उमेदवाराला. इच्छुकाला मर्यादा नाही, कारण कायद्याच्या लेखी इच्छुक हा प्राणीच नाही. तो दिसतो फक्त फ्लेक्सवर, हात जोडून.

आणि ही निवडणूक नऊ वर्षांनी. अध्यक्ष २०१६ साली थेट जनतेतून, २०२० साली कायदा फिरवून नगरसेवकांतून, २०२२ साली पुन्हा थेट. दार कुठून ठेवायचं यावर वाद, मग आरक्षणाचा वाद, आणि तोवर घरात प्रशासक. या काळात अकरापैकी एकालाही कुणी कामाला लागा म्हटलं नाही, आणि न सांगता कामाला लागायची आपल्यात रीत नाही.

इथवर हसलो. आता हसू येत नाही. कारण हे फ्लेक्स लावताना शिडी धरणाऱ्या पोरांना मी ओळखतो. एक बी.एड. आहे. एक तीन वर्षं पहाटे चारला उठून पोलीस भरतीसाठी पळतोय. एकाच्या बापाचं सोयाबीन २०२५ च्या पावसात गेलं; जे उरलं त्याला ५,३२८ चा हमीभाव पेपरात होता आणि मोंढ्यात नव्हता. या पोरांचे हात रिकामे आहेत म्हणून तर शिडीला हात मिळतात! संध्याकाळी वडापाव आणि पेट्रोलची चिठ्ठी घेऊन ती घरी जातात, आणि निवडणूक सरली की पाठीवर बॅग टाकून पुण्याच्या ट्रॅव्हल्सची, हैदराबादच्या बसची वाट बघत याच बसस्टँडवर उभी राहतात. सगळ्या गावात ‘कामाला लागा’ हे तीन शब्दसुद्धा धड न लागणारं वाक्य ज्यांच्या कानावर पडायला हवं, त्यांना ते कुणी म्हणत नाही. ज्यांना आयुष्यात काम करायचं नाही, त्यांना मात्र ते वरून फोन करून सांगतात. एवढं सांगण्याची हौस आहे, तर एकदा त्या शिडीखाली उभ्या असलेल्या पोराचा नंबर फिरवा की! त्याचा फोन तर कधीच बिझी नसतो.

असो. सोमवारी, १७ नोव्हेंबरला, दुपारी तीनपर्यंत अर्जाची मुदत होती. पावणेतीनला गाडी आली आणि पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म निघाला तो बाराव्याच्या नावानं. हा बारावा ना कुणाच्या मयताला दिसला, ना फ्लेक्सवर. त्याला ‘कामाला लागा’ असं कुणी म्हटलंच नव्हतं. अकरा जण कामाला लागले होते, ते अकराही कामी आले.

मंगळवारी सकाळी बारावा हॉटेलात आला. आम्हा चौघा म्हाताऱ्यांपुढं वाकला, गुरुजींच्या पाया पडला, आणि पडल्या पडल्याच म्हणाला, ‘आता दिवस कमी हायेत. तुम्ही समदे कामाला लागा.’

गुरुजी गप्प. हॉटेलवाले मामा तेवढे वही घेऊन पुढं आले. म्हणाले, ‘लागतेत की, मालक. पण अकरा जणांची महिन्याची चहाची उधारी हाय. ती कुणाच्या नावावर लिहू?’

बाराव्यानं खिशातून फोन काढला, कानाला लावला आणि हात जोडत बाहेर पडला. फोन वाजलेला आम्ही कुणीच ऐकला नव्हता.