बाळ वाचलं, आईला कोणी विचारलं?

2024 च्या एप्रिलच्या शेवटी चेन्नईत आवडीजवळच्या एका इमारतीत तान्हं मूल वरच्या मजल्यावरून निसटलं आणि खालच्या पत्र्याच्या छपरावर अडकलं. शेजारी धावले. काहींनी खाली चादर ताणून धरली, एक जण खिडकीतून बाहेर निघाला आणि हात लांबवून त्यानं मूल खेचून घेतलं. समोरून कोणीतरी हे मोबाइलवर टिपलं. ती चित्रफीत देशभर फिरली. मूल सुखरूप होतं.

लगेच निकाल लागू लागले. आई कुठे होती, लक्ष कुठे होतं, फोनमध्ये डोकं घालून बसली असेल, अशा बायकांना मुलं कशाला हवीत. बाप कुठे होता हे विचारणारा क्वचितच. तीन आठवड्यांनी, कोइमतूरजवळच्या माहेरी, त्या आईनं जीव दिला. ती नैराश्यात होती, उपचार चालू होते, हे नंतर बातम्यांत आलं. माणूस एकाच कारणानं मरत नाही, आणि तिच्या मनात काय चाललं होतं हे मला ठाऊक असल्याचा आव मी आणणार नाही. पण मूल जेमतेम सात-आठ महिन्यांचं असलेल्या बाईवर अनोळखी माणसं शेरे मारत होती आणि ती बाळंतपणातून नुकती सावरते आहे, हे फार थोड्यांच्या मनात आलं. ते शेरे लिहिणारे आजही आपल्यातच आहेत. पुढची चित्रफीत आली की पुन्हा लिहितील.

मला त्यांचा राग आहेच. त्याहून मोठा राग आहे तो बाईला सगळं विचारून मन कसं आहे एवढंच न विचारणाऱ्या व्यवस्थेचा.

तमिळनाडूचंच घ्या. इथं बाई गरोदर राहिली की तिची नोंद होते, तिला एक क्रमांक मिळतो आणि बाळाच्या जन्मदाखल्यासाठीही तो मागतात. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेतून गरीब बाईला पैसे आणि पोषणाच्या वस्तू मिळून 18,000 रुपयांची मदत आहे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली 99.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. एग्मोरचं सरकारी प्रसूती रुग्णालय तर 1844 पासून चालू आहे. तेव्हा बाई सापडतच नाही ही सबब इथं चालत नाही. ती महिन्या-महिन्याला समोर येऊन बसते. तिचं वजन होतं, रक्तदाब घेतात, साखर बघतात, लोहाच्या गोळ्या मोजून देतात. बाळंत झाल्यावर टाके, दूध, बाळाचं वजन, लस. तुझं मन कसं आहे, हे बहुतेक टेबलांवर निघतच नाही. पाच मिनिटांचं काम आहे ते!

पाच मिनिटं मी उगाच म्हणत नाही. 1987 मध्ये एडिंबरामध्ये दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, विनाकारण स्वतःला दोष दिलात का, वाईट वाटून झोप उडाली का, स्वतःला इजा करावी असं मनात आलं का. असे साधे प्रश्न, बाईच्या भाषेत. गोव्यात ती कोकणीत वापरून झाली. तमिळमध्ये तपासून 2005 मध्ये प्रसिद्धही झाली.

गोव्यातलं ते काम मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. 270 गरोदर बायकांपासून त्यांनी सुरुवात केली, निष्कर्ष 2002 मध्ये छापून आले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आया नैराश्यात होत्या. त्याच वर्षी वेल्लोरजवळच्या खेड्यांतला अभ्यास आला, तिथे बाळंतपणानंतर नव्यानं नैराश्यात गेलेल्या 11 टक्के निघाल्या. कारणं मात्र दोन्हीकडे आपल्या घरातली. हाताशी पैसा नाही. मुलगा हवा होता, मुलगी झाली. गोव्यात नवऱ्याशी संबंध बिघडलेले, वेल्लोरकडे सासूशी पटत नाही आणि बाळंतिणीच्या हाताखाली कोणी नाही. गोव्यातला आणखी एक आकडा मला सगळ्यांत जास्त छळतो. बाळंतपणानंतर नैराश्यात सापडलेल्यांपैकी 78 टक्के जणींना त्रास गरोदरपणातच होता. म्हणजे आधीपासून दिसत होता. त्या तपासणीला येत होत्या, रांगेत बसत होत्या, आणि आपण त्यांचं हिमोग्लोबिन बघत होतो.

थोडं नीट समजून घेऊ, कारण घरोघरी इथंच गफलत होते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि आठ-दहा दिवसांत ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही बाईला बाळाकडे बघवत नसेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, आपण वाईट आई आहोत हेच डोक्यात फिरत असेल, तर तो आजार आहे. त्याला समुपदेशन आहे, औषधं आहेत, त्यातली काही दूध पाजतानाही चालतात. कोणती, ते डॉक्टर ठरवतील. आणि हजारात एक-दोघींना बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच भास होऊ लागतात, त्या असंबद्ध बोलतात, बाळाबद्दल भलतंच काही मनात धरतात. तिथे अंगारा-धुपारा करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत 2009 पासून आई आणि बाळाला एकत्र दाखल करून घेणारा कक्ष आहे. मूल तोडतील या भीतीनं लपवणाऱ्यांनी हेही ऐकावं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल एरवी वेगळं करायचं नाही.

मूल होण्याआधीची वाट तर आणखी एकाकी. दक्षिण भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ 1990 मध्ये चेन्नईतच, डॉ. कमला सेल्वराज यांच्या हातून जन्मलं. आज या शहरात मूल व्हावं म्हणून उपचाराला दूरदूरहून जोडपी येतात. भिंतीवर गुटगुटीत बाळांचे फोटो, आणि खाली खुर्च्यांवर बसलेल्या बायकांच्या पोटावर इंजेक्शनांचे डाग. गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतर रक्ततपासणीपर्यंतचे दोन आठवडे काय असतात ते त्यांनाच विचारा. एका फेरीत यशापेक्षा अपयशाची शक्यता जास्त असते, हे त्यांना तोंडावर, शांतपणे, आकड्यांसह सांगायला हवं. 2021 च्या सहाय्यक प्रजनन कायद्यानं केंद्रांवर ती सक्तीच आहे. यशाची शक्यता, धोके, खर्च यांबद्दल व्यावसायिक समुपदेशन द्यायचंच. सही करण्याआधी ते मागून घ्या. आणि रिपोर्ट नकारात्मक आला त्या दिवशी तुमच्याशी कोण बोलेल, हेही विचारा. पैसे भरण्याच्या खिडकीवरचा माणूस हे त्याचं उत्तर नव्हे.

त्यात घरची माणसं. तमिळ शेजारीण ‘विशेषम्’ आहे का विचारते, आपली मावशी गोड बातमी कधी विचारते. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, हळदीकुंकवाला. विचारू नका. बातमी असली की ती सांगेल.

आणि गर्भ राहून गेला तर? अजून वय आहे, पुढच्या खेपेला होईल, जे होतं ते बऱ्यासाठी. ही तिन्ही वाक्यं बंद करा. जे गेलं ते तिच्यासाठी मूल होतं, त्याचं नावही कदाचित ठरलं होतं. गर्भपातानंतर पगारी सहा आठवड्यांची रजा 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यापासून आहे. किती जणी ती घेतात? पोटात दुखतंय असं सांगून दोन दिवसांची रजा काढून परत कामावर येणाऱ्या कितीतरी. बाळ मृत जन्मलं किंवा जन्मल्यावर लगेच गेलं, तर केंद्र सरकारच्या कर्मचारी महिलांना 2022 पासून 60 दिवसांची खास रजा आहे. मग खासगी कंपन्यांना आणि कारखान्यांना तेवढं करायला कोणी अडवलंय? बापालाही रजा द्या. तोही रडतो, फक्त पार्किंगमध्ये जाऊन.

चेन्नईतल्या मराठी घरांशी दोन शब्द. सौकारपेटेत सोन्याचांदीच्या गलाईच्या दुकानांमागे विटा, खानापूर, आटपाडीकडच्या लेकीसुना राहतात. ओएमआर या आयटी कंपन्यांच्या रस्त्यावरच्या उंच इमारतींत पुण्या-नागपूरच्या मुली आहेत. दोघींचं दुखणं एकच. बाळंतपण माहेरी होतं, दोन-तीन महिने डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, शेक, मालिश, रात्री बाळ घ्यायला आजी. मग एका गाडीत बसून ती परत येते आणि दुसऱ्या दिवशी नवरा कामावर जातो. शेजारणीची भाषा येत नाही, बाळ रडतं आहे, दार बंद आहे. तमिळ घरात पथ्याचं जेवण करतात, मैलापूरच्या दब्बा चेट्टींच्या दुकानातून बाळंतिणीची औषधं आणतात. शरीराची एवढी काळजी घेणारे आपण दोन्ही समाज आहोत. तीन महिन्यांनी तिच्याशी रोज अर्धा तास मराठीत बोलायला एक बाई पाठवणं महाराष्ट्र मंडळांना जमणार नाही का? गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं असंच करून पाहिलं. गावातल्याच आयांना शिकवून नैराश्यातल्या गरोदर आणि बाळंत बायकांकडे पाठवलं. 2019 मध्ये निष्कर्ष आले. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्यांचं प्रमाण, या आया जात होत्या त्या गटात जास्त होतं. मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत हे खरं, पण ऐकू शकणाऱ्या बायका कमी नाहीत.

माझी मागणी छोटी आहे. गरोदरपणात दोनदा, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी, प्रत्येक बाईला ते दहा प्रश्न विचारा. सासू आणि नवऱ्याला खोलीबाहेर बसवून विचारा. उत्तराची नोंद वजनाशेजारी ठेवा. नोंदीचं यंत्र तमिळनाडूकडे आहे, महाराष्ट्राकडेही आहे. हे होत नाही याचं कारण पैशाची चणचण आहे असं मला कोणी पटवू नये.

तोवर एवढं करा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक 14416. दिवसरात्र चालू, फुकट, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. चेन्नईत 1986 पासून आत्महत्या रोखण्याचं काम करणारी ‘स्नेहा’ 044-24640050 वर आहे. हे दोन्ही क्रमांक बाळंतिणीच्या नवऱ्यानं आजच आपल्या फोनमध्ये घालून ठेवावेत.