सगळे ‘कम्प्लीट’, शिकलं कोण?

मार्च लागला की कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक एक्सेलचा तक्ता येऊन पडतो. नाव, पद, ऑनलाइन कोर्स आणि शेवटच्या रकान्यात ‘पेंडिंग’. खाली साहेबांचा निरोप: आज संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं शंभर टक्के झालं पाहिजे. तासाभरात साहेब नसलेल्या दुसऱ्या ग्रुपवर उत्तरं येतात. 1-ब, 2-ड, 3-अ, 4-ब. एका खिडकीत व्हिडिओ आवाज बंद करून चालू असतो, दुसऱ्या खिडकीत बिलं. व्हिडिओ पळवता येत नाही, म्हणून थोड्या थोड्या वेळाने ‘नेक्स्ट’ दाबण्यापुरता हात माऊसकडे जातो. संध्याकाळी सगळे रकाने हिरवे. अग्निसुरक्षेची प्रमाणपत्रं डाउनलोड झालेली. विजेच्या बोर्डाला आग लागली तर पाणी का मारायचं नाही आणि भिंतीवरचा नेमका कोणता सिलिंडर उचलायचा, हे त्यातल्या किती जणांना सांगता येईल? विचारून बघा.

‘आपल्या लोकांना शिकायचंच नसतं’ असं म्हणणारे साहेब पुष्कळ भेटतात. हे साफ खोटं आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा गावोगावच्या हिशेबनिसांनी रात्री यूट्यूब बघून नव्या नोंदी शिकून घेतल्या. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्यांनी आयुष्यात कधी स्क्रीन शेअर केली नव्हती, असे शिक्षक पुढच्या काही महिन्यांत गुगल मीटवर वर्ग घेऊ लागले. त्यांना कुणी शिकवलं? बहुतेक वेळा शेजारच्या वर्गातल्या मास्तरांनी, नाहीतर घरातल्या मुलीने. काम समोर होतं, गरज खरी होती आणि अडलं की विचारायला माणूस होता. या तीन गोष्टी असल्या की आपली माणसं झपाट्याने शिकतात. कार्यालयातून येणाऱ्या कोर्सात नेमक्या याच तीन गोष्टी नसतात.

अमेरिकेने हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धात सोडवला होता, तोही फोन आणि इंटरनेटशिवाय. अनुभवी कामगार सैन्यात गेलेले, कारखान्यांत नवखी माणसं. 1940 ते 1945 या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम चालला आणि त्यात 16 लाखांहून जास्त पर्यवेक्षकांना शिकवायचं कसं ते शिकवलं गेलं. पद्धत सरळ होती. कामाचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकडा का करायचा ते सांगा, त्याच्या हातून करून घ्या, करता करता त्यालाच समजावून सांगायला लावा आणि मग अधूनमधून जाऊन बघत राहा. त्यांचं मूळ सूत्र असं की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. युद्धानंतर हीच पद्धत जपानात गेली आणि टोयोटाने ती टिकवली. आपल्या ऑनलाइन कोर्सांनी हे सूत्र उलटं केलं आहे. इथे न शिकल्याचा ठपका कायम कर्मचाऱ्यावर बसतो. कोर्स बनवणारा, विकत घेणारा आणि माथी मारणारा, तिघेही नामानिराळे राहतात.

आता व्हिडिओत बघितलेलं किती टिकतं त्याबद्दल. माणूस विसरतो, आणि फार लवकर विसरतो, हे जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउसने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडलं. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, नंतर त्याच पुन्हा पाठ करायला किती श्रम पडतात ते मोजायचं. तासाभरातच निम्म्याहून जास्त कमाई वाया गेलेली असे. त्यावर उतारा काय, हेही माहीत आहे. 2006 मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने तोच उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के.

कोर्स संपल्या संपल्या पाच प्रश्न विचारून ‘पास’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. ज्या क्षणी तुम्ही परीक्षा घेता, त्या क्षणी सगळ्यांना सगळं येत असतं. आठ दिवसांनी काय उरलं, महिन्याने काय उरलं, ते विचारा. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर नको. सोमवारी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर तीन प्रश्न टाका, पुढच्या सोमवारी त्यातलेच दोन वेगळ्या शब्दांत विचारा, महिन्याने पुन्हा एकदा. चुकलं तर गुण कापू नका, बरोबर उत्तर आणि त्याचं कारण दोन ओळींत सांगा. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ बनवायला जेवढा पैसा लागतो, त्यात हे वर्षभर चालेल.

आणि ज्या फोनवर शिकायचं तो फोन? 2021 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. ठिकठिकाणच्या कार्यालयांत फोनांचे ढीग लागले. 2 जीबी रॅमचे ते फोन, त्यावर नोंदी भरायला ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅप. फोन तापायचा, अडकायचा, बिघडला की दुरुस्तीचा खर्च अंगावर पडायचा. त्यात अ‍ॅप इंग्रजीत. सातवी-दहावी शिकून वीस-पंचवीस वर्षं बाळांची वजनं घेणाऱ्या बाईने इंग्रजी रकान्यांत लाभार्थींची नावं भरायची! त्या बायांचा तंत्रज्ञानाला विरोध आहे असं तेव्हा म्हटलं गेलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की चालणारा फोन द्या आणि मराठी द्या. यात मागणी म्हणण्यासारखं तरी काय आहे? हे आधीच मिळायला हवं होतं.

याच देशात हे नीट करून दाखवलेलंही आहे, आणि ते बिहारने. 2012 मध्ये तिथे गावोगावच्या आशा आरोग्य कार्यकर्त्यांसाठी ‘मोबाइल अकादमी’ सुरू झाली. बीबीसी मीडिया अ‍ॅक्शनने बनवलेला हा कोर्स. यात अ‍ॅप नाही, इंटरनेट नाही, व्हिडिओ नाही. साधा बटणांचा फोन पुरतो. ठरलेला नंबर फिरवला की पलीकडून डॉक्टर अनिता बोलू लागतात. हे पात्र मुद्दाम घडवलेलं आहे, जाणती आणि आशाताईंशी आदराने बोलणारी डॉक्टरीण. एकूण 240 मिनिटांचा मजकूर, 11 प्रकरणं, प्रत्येकात चार छोटे धडे. प्रकरण संपलं की प्रश्न, उत्तराला फोनवरचं बटण दाबायचं. मध्येच फोन कट झाला तर पुढच्या वेळी जिथे थांबलं तिथूनच सुरू. एका गर्भवतीच्या घरून दुसरीच्या घरी जाताना आशाताई एक धडा ऐकू शकते आणि पुढच्याच घरात तो वापरू शकते.

धड्यात असतं काय? नुसती माहिती नाही. गर्भवतीशी बोलायचं कसं, सासू मध्ये पडली तर तिला बाजूला न सारता विषयात कसं घ्यायचं, लसीनंतर बाळाला ताप येऊ शकतो हे आधीच सांगून का ठेवायचं. म्हणजे उद्या सकाळी दारात उभं राहिल्यावर जे लागणार, तेच. पुढे केंद्र सरकारने हा कोर्स उचलला, इतर राज्यांत नेला, आशांसाठी कॉल फुकट केला. 2024 च्या फेब्रुवारीत तो महाराष्ट्रातही आणला गेला. हा कोर्स ज्यांनी आखला त्यांनी आधी आशांकडे कोणता फोन आहे, त्यांना त्यावर काय करता येतं आणि बॅलन्स कोण भरतं, हे बघितलं. मग शिकवायचं काय ते ठरवलं. आपल्याकडे एरवी उलट चालतं. आधी पोर्टल विकत घेतलं जातं, मग त्यात भरायला कोर्स शोधले जातात आणि शेवटी ते कुणाच्या गळ्यात मारायचे याची यादी निघते.

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूरकडच्या कारखान्यांत जाऊन बघा. मशीनच्या बाजूला एका पानाचा कागद लावलेला असतो. त्याला ‘वन पॉइंट लेसन’ म्हणतात. एका कागदावर एकच गोष्ट, दोन फोटो, एकावर बरोबरची खूण आणि एकावर फुली. पुष्कळदा तो त्या मशीनवरच्या ऑपरेटरनेच बनवलेला असतो. हाच कागद फोनवर दीड मिनिटाच्या व्हिडिओत उतरवला, बोलणारा तोच ऑपरेटर ठेवला आणि मशीनवर क्यूआर कोड चिकटवला, तर नव्या पोराला हवं ते हव्या त्या क्षणी मिळेल. पण पुष्कळ कारखान्यांत फोन गेटवर जमा करावा लागतो. कारण सुरक्षेचं आहे आणि ते योग्यच आहे. मग सुरक्षेचा कोर्स मात्र त्याच फोनवर का? कंत्राटी पोरगा तो रात्रपाळी करून खोलीवर आल्यावर झोपेत उरकणार, हे कोर्स पाठवणाऱ्यालाही कळतं. शॉप फ्लोअरवर टाइम ऑफिसशेजारी एक टॅब्लेट ठेवा, पाळी सुरू होताना दहा मिनिटं द्या. हे परवडत नसेल तर अपघात कसा परवडतो?

खरा मुद्दा शेवटी वेळेचाच आहे. 2 सप्टेंबर 2020 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केलं. 46 लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत 510.86 कोटी रुपये. त्यातून ‘आयगॉट’ हे पोर्टल आणि अ‍ॅप उभं राहिलं. 2024 च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय शिक्षण सप्ताह झाला, तेव्हा प्रत्येकाने किमान 4 तास शिकावं असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. कल्पना चांगली आहे. ज्येष्ठतेपेक्षा कामाला लागणाऱ्या कौशल्याकडे बघणं हे आपल्या प्रशासनाला हवंच होतं. पण हे तास कुठून काढायचे? तहसील कार्यालयात टेबलासमोर दाखल्यासाठी रांग उभी असताना अव्वल कारकुनाने कानाला इअरफोन लावला तर लोक त्याला सोडतील का? मग तो घरी बसून शिकणार. शिक्षकांचंही तेच झालं. ‘निष्ठा’ प्रशिक्षण 2020 च्या ऑक्टोबरात ‘दीक्षा’ पोर्टलवर ऑनलाइन आलं, एकूण 18 मॉड्यूल. कित्येकांनी ती स्वतःच्या फोनवर, स्वतःचा डेटा घालून, शाळेचे ऑनलाइन वर्ग सांभाळून पूर्ण केली. प्रशिक्षण पूर्वी तालुक्याला व्हायचं तेव्हा निदान ते कामाचे दिवस धरले जायचे, प्रवासभत्ता मिळायचा, जेवायला बसल्यावर दुसऱ्या गावच्या बाईंकडून एखादी युक्ती कळायची. ऑनलाइनमध्ये सरकारचा खर्च वाचला. तो कुणाच्या खिशातून गेला, हे कुणी मोजलं नाही.

जेवणाच्या पंगतीतली ती युक्ती हलकी समजू नका. नोकरीत माणूस सगळ्यात जास्त शिकतो ते सोबत्याकडून. ऑनलाइन कोर्सात ही सोय ठेवायची तर प्रत्येक वीस-पंचवीस जणांमागे एक जाणता माणूस हवा, ज्याला व्हॉइस नोट पाठवून ‘ताई, इथे अडलंय’ म्हणता येईल आणि त्याच दिवशी उत्तर मिळेल. त्या माणसाचं हे काम त्याच्या कामात धरलं जायला हवं. चॅटबॉट लावून हे भागेल असं सध्या जो तो सांगतो. चॅटबॉट नियम सांगेल. पण आपल्याच ब्लॉकमधल्या गावात तो नियम लावताना काय आडवं येतं, हे तिथे आधी हात पोळलेल्या ताईलाच ठाऊक असतं.

ज्यांच्या सहीने असे कोर्स सुटतात त्यांना माझं सांगणं आहे. पुढचा आदेश काढण्याआधी तो कोर्स तुमच्या सगळ्यात कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या फोनवर, त्याच्या गावच्या रेंजमध्ये, स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत करा. आदेशात शिकण्याचे तास लिहा आणि ते कामाच्या वेळेतून द्या. डेटाचे पैसे द्या. मराठी आवाज द्या, आणि तो मजकूर ते काम केलेल्या माणसाकडून लिहून घ्या. आणि महिन्याने कोर्स कुणी पूर्ण केला हे विचारण्याऐवजी काम करताना काय बदललं हे विचारा. यातलं काही जमणार नसेल तर आदेश काढूच नका. लोकांना त्यांचं काम करू द्या.