नारल देतं काय?

गुलाब लावणाऱ्याच्या हाताला दिवसभर काम असतं. छाटणी करायची, डोळे भरायचे, मावा शोधायचा आणि पहिलं फूल आलं की अख्ख्या मजल्याला बोलावून दाखवायचं. बोन्सायवाला तर झाडाला तारा गुंडाळून वर्षानुवर्षं त्याच्या मानगुटीवर बसलेला असतो. पाम पाळणाऱ्याच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. पामला फांद्या नाहीत, म्हणजे छाटणी गेली. खोडात सालीखालचा वाढीचा थर नाही, म्हणजे कलमही गेलं. बहुतेक जातींना वाढायला एकच कोंब, तोही पार वर, पानांच्या गाभ्यात. तो खुडला की झाड संपलं. तेव्हा पाम पाळणाऱ्यानं पाणी घालावं, मान वर करावी आणि बघत राहावं. निवृत्त आणि मुळातच आळशी माणसाला इतका प्रतिष्ठित छंद दुसरा मिळायचा नाही, असा हिशेब करून मी यात पडलो.

अडचण एकच. मी राहतो खारदांड्यात.

एका अंगाला पाली हिलकडचे टॉवर, दुसऱ्या अंगाला दांड्याचा कोळीवाडा आणि मधल्या बेचक्यात आमची जुनी तीन मजली सोसायटी. कुंपणाच्या भिंतीपलीकडे माड हा घरचा राबता गडी आहे. हिरांचा खराटा होतो, झावळ्या विणून झाप होतात, सोडण चुलीत जातं, करवंटीचा डवला होतो आणि कालवणात ओलं खोबरं नसेल तर घरात चौकशी सुरू होते. नारळी पौर्णिमेला सोनेरी नारळ वाजतगाजत दर्याला जातो, त्या दिवशी तर माडाच्या वंशाला देवत्वच येतं. अशा गावाच्या भिंतीला लागून मी सिमेंटच्या पिंपांत परदेशी पाम मांडले आहेत. पलीकडच्या मावशी एकदा बोंबील वलांडीवर टाकता टाकता थांबल्या आणि बराच वेळ माझ्या संग्रहाकडे पाहत राहिल्या.

“भाऊ, ह्ये झार नारल देतं काय?”

“नाही, मावशी.”

“ताडी?”

“नाही.”

“सावली तरी?”

मी वर पाहिलं. सहा पानं होती, त्यांतलं एक वाळलेलं. म्हटलं, “थोडीशी.”

“मंग पाणी कशाला पाजताव?”

या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. आणि मावशींच्या पाठीशी मुंबईचा सगळा इतिहास उभा आहे. या बेटांवर ताड-माडांना शोभेसाठी कुणी विचारलं नव्हतं. माहीमच्या बाजूला माडांची दाट बनं होती. भंडारी कमरेला कोयता आणि मडकं लावून त्यांवर चढत आणि माडाची माडी, ताडाची ताडी उतरवत. सरकारचंही झाडांकडे बारीक लक्ष असे, कारण रस काढायच्या प्रत्येक झाडामागे कर होता. १८७८चा आबकारी कायदा आला आणि त्या करानं पुष्कळ भंडाऱ्यांना झाडावरून कायमचं खाली उतरवलं. मुद्दा असा, की पामच्या झाडाकडे पाहून ‘काय देतं?’ असं विचारणं ही या शहराची जुनी आणि अगदी रास्त रीत आहे. नुसते उभे राहण्याचे पैसे घेणारे पाम मागाहून आले, बंगल्यांच्या फाटकाशी आणि हॉटेलांच्या दारात.

त्यांतल्या बहुतेकांची ओळखपत्रंही खोटी आहेत. प्रत्येक कचेरीच्या कोपऱ्यात, फायलींच्या धुळीत उभा असतो तो ‘एरिका पाम’ मूळचा मादागास्करचा. खरी अरेका म्हणजे आपली पोफळ, श्रीवर्धनी रोठा सुपारी देणारी. पण कचेरीत पोफळ ठेवली म्हटलं तर साहेबाचा मान जातो. मुंबईत ज्याला सर्रास ‘बॉटल पाम’ म्हणतात तो गुळगुळीत, करड्या खांबासारखा उंच गृहस्थ खरं तर क्यूबाकडचा रॉयल पाम. खरा बॉटल पाम बुटका आणि पोट सुटलेला. तो मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या चिमुकल्या बेटावरचा आणि तिथे रानात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच उरलेला. जगभरच्या बागांत मात्र त्याची संतती हजारोंनी आहे. माझ्याकडे त्यांतला एक आहे. आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो की घरात हसू येतं.

फॉक्सटेल पामची गोष्ट आणखी चमत्कारिक. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाकडे, केप मेलव्हिलच्या दगडधोंड्यांत तो उभाच होता. तिथल्या मूळ रहिवाशांना ठाऊकही होता. वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी त्याची नोंद झाली ती थेट १९८३ साली, आणि त्याचं शास्त्रीय नाव त्याची माहिती असलेल्या वोडयेटी या आदिवासी वृद्धाच्या नावावरून पडलं. पुढे बिया चोरून नेणाऱ्यांची त्या डोंगरात रीघ लागली. आज तोच पाम मुंबईच्या कुठल्याही नर्सरीत काळ्या पिशवीत मिळतो. आम्हा छांदिष्टांची जात अशी आहे. दुर्मीळ म्हटलं की झोप उडते, आणि सगळ्यांकडे झालं की आम्हीच नाक मुरडतो.

पामला फांदी नसते हे माझं वाक्य एका झाडानं खोटं पाडलं आहे, तेही सांगून टाकतो. दीवला नागवा किनाऱ्यावर जे दुबेळके, पुन्हा दुबेळके होत गेलेले ताड दिसतात ते रावणताड. दहा तोंडांचा हिशेब लोकांनी झाडावर बसवला आहे. पण त्याला छाटावं अशी इच्छा मला तरी झाली नाही. नावाचा वचक असतो.

बिया रुजवणं हा या छंदातला खरा उद्योग, म्हणजे तिथेही काही करायचं नसतंच. ओलसर कोकोपीट प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, त्यात बी पुरायचं, तोंड बांधायचं आणि उबेला ठेवायचं. आमच्या घरात उबेची हमखास जागा म्हणजे फ्रिजचा टप. कोंब यायला जातीप्रमाणे महिना लागतो, सहा महिने लागतात, काही बिया वर्ष-दीड वर्ष ढिम्म असतात. एवढ्या काळात त्या पिशव्यांना घरातल्या प्रत्येकानं एकेकदा कचरा, चिंच आणि जुनं लोणचं समजून हात घातला आहे. गंमत म्हणजे हे कोकोपीट तरी काय, तर माडाच्या सोडणाचा भुसा. मादागास्करच्या राजपुत्राला जन्मायला शेवटी आपल्याच माडाचं बाळंतघर लागतं.

मिठाच्या बाबतीत तर माझी पुरती शोभा झाली. नर्सरीवाल्यानं बजावलं होतं, खाऱ्या वाऱ्यापासून जपा. दांड्यात खाऱ्या वाऱ्यापासून जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते त्यानं सांगितलं नाही. पावसाळ्याआधी वारा फिरला की माझ्या नाजूक मंडळींची पानं टोकाकडून करपत येतात, आणि मी कापडी पडदे बांधत, उतरवत फिरतो. भिंतीपलीकडे मावशी मासळी धुतलेलं पाणी सरळ माडाच्या आळ्यात ओततात. वर्षातून एकदा मूठ-दोन मूठ जाडं मीठही टाकतात. माड तरारून आहे. कोकणात रोप लावताना खड्ड्यात मीठ घालायची चाल जुनीच आहे, आणि पुढे शास्त्रज्ञांनीही माडाला क्लोराइडची चांगली गरज असते असं सांगून तिला पावती दिली. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे १९५५पासून नारळाचं संशोधन केंद्र आहे. तिथली माणसं बाणवली, प्रताप अशा जातींविषयी जिव्हाळ्यानं बोलतात. पण त्यांच्या बोलण्यातसुद्धा दर झाडी नारळ किती हे यायचंच. मावशी आणि शास्त्रज्ञ एका बाजूला आहेत. दुसऱ्या बाजूला मी.

माझ्या बाजूला अगदी कुणी नाही असंही नाही. फादर एथेलबर्ट ब्लॅटर आहेत. हे मूळ स्वित्झर्लंडचे जेझुइट पाद्री मुंबईत येऊन धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले आणि पामांच्या नादाला लागले. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमधून त्यांनी हिंदुस्थान आणि सिलोनच्या पामांवर लेखमाला लिहिली. देशी पाम झालेच, शिवाय बागांतून आणून लावलेले पाहुणेही त्यांनी सोडले नाहीत. तिचंच १९२६ साली जाडजूड पुस्तक झालं. झेवियर्समधला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आजही ब्लॅटर हर्बेरियम म्हणून ओळखला जातो. पामची चार-चार मीटरची पानं कागदावर कशी चिकटवायची, हा प्रश्न त्या संग्रहाला कसा सुटला असेल याचा मी अधूनमधून विचार करतो. आणखी एक विचार मनात येतो, तो घरी बोलून दाखवत नाही. असा छंद निर्वेधपणे करायचा तर ब्रह्मचर्याची शपथ फार उपयोगी पडत असावी.

बर्फाच्या डोंगरातल्या माणसाला पामचं वेड लागावं याचं नवल वाटायचं. पण नीट पाहिलं तर सगळा मामला तसाच आहे. वनस्पतींच्या राज्यात पामांना ‘राजपुत्र’ ही पदवी देणारा लिनियस स्वीडनचा, जिथे उघड्यावर पाम जगत नाही. पामवेड्यांची आंतरराष्ट्रीय संस्था १९५६ साली अमेरिकेत फ्लॉरिडात निघाली आणि तिनं आपल्या नियतकालिकाला कित्येक वर्षं लिनियसचा तोच लॅटिन शब्द नाव म्हणून ठेवला होता. याउलट ज्यांच्या दारात माड होता त्यांनी त्याला पदव्या दिल्या नाहीत, औषधं आणि उपयोग सांगितले. कोचीनला डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीडनं ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. पहिल्या खंडातलं पहिलं झाड कोणतं? नारळ. त्या कामाला हातभार लावणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोकणी वैद्य होते, आणि त्यांचं नागरी लिपीतलं कोकणी प्रशस्तिपत्र त्या खंडात छापलेलं आहे. मावशींचा प्रश्न त्या तिघांना विचारला असता तर त्यांनी तासभर उत्तर दिलं असतं.

छंदात धोके नाहीत असं मात्र कुणी समजू नये. गेंडा भुंगा आहे. तो कोवळ्या कोंबात शिरतो, आणि पुढे ते पान उलगडतं तेव्हा कात्रीनं नक्षी कापल्यासारखं दिसतं. शेजाऱ्यांना ती नवीन जात वाटते. सोंड्या भुंगा त्याहून वाईट. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात, बाहेर काहीच दिसत नाही, आणि शेंडा कलला की समजायचं, उशीर झाला. जाणकार सांगतात, खोडाला कान लावा, कुरतडल्याचा आवाज येतो. तो सल्ला मानून मी सकाळी झाडांना कान लावत फिरतो. कार्टर रोडवर फिरायला निघालेली मंडळी आमच्या फाटकाशी पावलं हळू करतात. काहींना वाटतं, मी झाडाला मिठी मारून ऊर्जा घेतोय, आणि परवा एका बाईंनी किती मिनिटं मारायची असं विचारलंसुद्धा. नारळावर पडणाऱ्या आणखी एका सूक्ष्म उपद्रवी जिवाला शेतीच्या पत्रकांत ‘कोळी’ म्हणतात. ती पत्रकं मी दांड्यात मोठ्यानं वाचत नाही.

त्यातल्या त्यात एक समाधान आहे. रॉयल पामचं पान गळतं तेव्हा देठाचा भला रुंद, चिवट, होडीसारखा पोगा धाडकन खाली येतो. खाली कुणाची मोटारगाडी असेल तर सोसायटीची बैठक लागते. तो पोगा मावशींनी एकदा भिंतीवरून मागून नेला आणि त्यात ओला जवळा पसरून ठेवला. दुसऱ्या दिवशी विचारलं, “दुसरा कवा परंल?” मी म्हटलं, महिन्याभरात. त्यानंतर त्यांनी माझ्या झाडांबद्दल वाईट बोलणं सोडून दिलं. फॉक्सटेलचं नाव अजून काढत नाहीत, पण रॉयलला त्या मान देतात.

आता मी तालिपोट लावला आहे. याच्या बियांना आपल्याकडे बजरबट्टू म्हणतात आणि दृष्ट लागू नये म्हणून मुलांच्या गळ्यात बांधतात. पंख्यासारखं एकेक पान पाच मीटर रुंद होऊ शकतं. हा आयुष्यात एकदाच फुलतो, वयाच्या तिसाव्या वर्षानंतर केव्हातरी, कधी ऐंशीव्या वर्षापर्यंत वाट पाहायला लावून. माथ्यावर उभा राहतो तो वनस्पतिसृष्टीतला सगळ्यांत मोठा फुलोरा. लाखो फुलं येतात, फळं धरतात आणि मग झाड मरतं. भायखळ्याच्या राणीच्या बागेत तालिपोट पाहिला तेव्हाच मी मनात ठरवून टाकलं होतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी पिंप पाहिलं. किती उंच होणार, असं विचारलं. पंचवीस मीटर, मी खरं ते सांगितलं. आमची इमारत त्याच्या निम्म्याहून कमी. त्यांनी चष्मा पुसला आणि लेखी हमी मागितली, की झाड फुलोऱ्यावर येण्यापूर्वी ते स्वखर्चानं हलवण्यात येईल. मी लगेच लिहून दिलं. मुदत कुठली टाकायची ते विचारल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे, मग छताकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुमच्या सोयीनं.” मी २०८० टाकलं. त्यांनी शिक्का मारून पोच दिली, आणि प्रत फाइलला लावताना म्हणाले की तेव्हा कमिटी बदललेली असेल, तर नव्या सेक्रेटरीला एकदा आठवण करून द्या.