मास्तरांचा पुढचा कीबोर्ड

मास्तर कुंडलच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतात आणि गेली कित्येक वर्षं नवा कीबोर्ड घ्यायच्या बेतात आहेत. हळद, वरात, गणपती, जत्रा. जिथं सुपारी मिळेल तिथं गाजलेली गाणी जशीच्या तशी वाजवायची, हा धंदा. असा एक मास्तर पलूस, विटा, तासगाव, कुठंही सापडेल. आमचा जरा जास्त जातिवंत.

"ह्या सीझनला घ्यायचाच," हे दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधी जाहीर होतं. मुहूर्त ऊसबिलाचा. बिल येतं, त्यातनं सोसायटीचं पीककर्ज वळतं, उरल्यात खताची उधारी आणि पोराची फी. मग मास्तर रात्रीची थ्री-फेज आली की मोटर चालू करतात आणि बांधावर बसून मोबाइलवर डेमो बघतात. पलीकडं कोणी परदेशी गृहस्थ डोळे मिटून वाजवत असतो, अलीकडं सरीला पाणी फुटलेलं असतं.

यामाहाचा डीएक्स-सेव्हन 1983 साली आला, कॉर्गचा एम-वन 1988 साली, हे मास्तर झोपेत सांगतील. पेच एकच: अरेंजर घ्यावा का सिंथ? अरेंजरवर डाव्या हातानं कॉर्ड धरली की ढोलक, बेस, गिटार सगळं आपोआप मागं धावतं. यामाहानं तर आपल्यासाठी तबला-सितार घातलेली मॉडेलं काढली, रियाजाला तानपुराही दिला. एकट्यानं कार्यक्रम करणाऱ्याला ही चैन. पण पार्टीत ती भांडणाची मुळी. मास्तरांनी एकदा उसनी पेटी आणून तालमीत स्टाइल लावली, तर ऑक्टोपॅडवाला स्टिका पिशवीत घालून उठला. "मग मी कशाला हाय? लावा की ही पेटीच एकटी वरातीत!" त्याची समजूत मटणाच्या जेवणावर निघाली.

म्हणजे सिंथ. रोलँडच्या एक्सपीएस-10 मध्ये पेनड्राइव्हवरनं आपण रेकॉर्ड केलेला आवाज घालता येतो, हे कळल्यापासून मास्तरांना त्यात कुंडलच्या कुस्ती मैदानातली हलगी भरायची आहे. कंपनीच्या आवाजांत त्यांना जीव वाटत नाही. "त्या हलगीला धूळच न्हाई ओ," म्हणतात. कोणी 88 पट्ट्यांचा, पियानोसारखा जड पट्टीचा घ्या म्हणालं, तर एकच सवाल: "मोटरसायकलवर मधी तो बसणार, मग गायिका कुठं बसवू?"

घरात चुलते आहेत, त्यांचा मुद्दा वेगळा. "शाहीर शंकरराव निकमांनी डफ-तुणतुण्यावर प्रतिसरकारचा मुलूख पेटवला. तुला एकसष्ट पट्ट्या कमी पडत्यात व्हय रं?" ह्यावर मास्तरांकडं उत्तर नाही, कुंडलमध्ये कुणाकडंच नसतं.

आणि खरं तर आहे त्या पेटीवर मास्तर भलते तयार आहेत. मधल्या सप्तकातला एक गंधार दाबला की खालीच बसतो, तो ते करंगळीच्या नखानं वर काढतात, चालू गाण्यात. गायक काळी एक मागतो, गायिका काळी चार. ट्रान्सपोजचं बटण आहे, पण परत शून्यावर आणायचं राहतं. मग बेसवाला एकीकडं, मास्तर दुसरीकडं. पाव्हण्यांना ते नव्या फॅशनचं वाटतं.

मास्तर सांगलीला दुकानात जातात तेव्हा दुकानदार आधी चहा सांगतो. गिऱ्हाइकाची परीक्षा त्याला पाठ आहे. स्प्लिट, लेयर, इफेक्ट सगळं बघून झालं की मास्तर शेवटी नागिणीची बीन लावतात. 1954 च्या 'नागिन' सिनेमातली ती बीन मुळात पुंगीची नाहीच. हेमंतकुमारांच्या त्या संगीतात कल्याणजींनी ती क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेवरच्या कीबोर्डावर वाजवली. म्हणजे सत्तर वर्षं आपल्या वराती सिंथवरच नाचतायत. मास्तर हे प्रत्येक लग्नात नवऱ्याच्या मित्रांना समजावून सांगायला जातात, पण तोवर ते तोंडात रुमाल धरून रस्त्यावर आडवे झालेले असतात.

तर बीन. पिच-बेंडचं चाक जरा मागं ओढून सोडलं की स्वर कसा वळवळला पाहिजे, ह्याचं मास्तरांच्या कानात एक माप आहे. "आवाज लई स्वच्छ हाय," एवढं म्हणून ते लाखाचं मशिन बाजूला सारतात आणि चहाचा कप खाली ठेवतात. मला विचाराल तर त्यांचं बरोबर आहे. वाद्य कशासाठी घ्यायचं हे ठाऊक असलेला माणूस सहसा काहीच घेत नाही.

तेव्हा कार्य काढलं असेल तर मास्तरांनाच सांगा. फक्त वरात वेळेत निघू द्या. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, आणि मास्तर नागीण शेवटाला ठेवतात. बाकी काहीही बोला, पण कोणता कीबोर्ड घ्यावा हे त्यांना विचारू नका. किर्लोस्करवाडीची गाडी चुकते.