साहेब, शिपाई आणि बारा व्होल्ट

तेहतीस वर्षे सरकारी दफ्तर सांभाळून नेरुळात सिडकोच्या सदनिकेत स्थिरावल्यावर, उतारवयात मी जी हायब्रिड मोटार घेतली, ती माझ्या आयुष्यातील घरची मंजुरी येण्यापूर्वीच अमलात आलेली एकमेव दरखास्त होय. तिची चौकशी तूर्त तहकूब आहे, इतकेच.

गाडी दारात आली त्या दिवसापासून शेजारचे अण्णा सकाळी फिरायला निघताना न चुकता विचारीत, “भाऊसाहेब, ही चार्जिंगला कुठे लावता हो?” आणि मीही न चुकता निवेदन करीत असे की, ही गाडी तारेला लावावयाची नसते, इंजिनापासून आणि ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या गतीपासून ती आपली वीज आपणच मिळविते, आणि १९९७ साली जपानात टोयोटाची प्रायस विक्रीस आली तेव्हापासून हा शिरस्ता चालत आलेला आहे. अण्णा मान डोलवीत आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न नव्याने रुजू करीत.

निगा राखण्यात मी कसूर केली नाही. जे काही बिघडले ते निगेच्या अतिरेकाने. पाम बीच मार्गावर मी ब्रेक इतका हळुवार दाबी की, वेग कमी करण्याचे सारे काम विजेची मोटरच परस्पर उरकी, आणि खाडीच्या खारट, पावसाळी हवेत ब्रेकच्या तबकड्यांवर गंजाचे पुट चढत राही. “काका, तुमचे ब्रेक झिजून नाही, बसून खराब होतायत,” असे मेकॅनिक म्हणाला, तेव्हा निवृत्त मनुष्याच्या जिव्हारी ते वाक्य किंचित लागलेच. इंजिन कमी चालते म्हणून ऑइल बदलण्यात काटकसर करू नये आणि नारिंगी तारांना बोट लावू नये, हेही त्यानेच बजावले. पैकी दुसरी आज्ञा पाळणे मला मुळीच जड गेले नाही.

मागल्या आसनाजवळ एक जाळी असते, तिच्यातून आतली थंड हवा ओढून मोठी बॅटरी आपला ताप शमविते. आमच्या सौभाग्यवतींनी आसन मळू नये म्हणून त्यावर सोलापुरी चादर अंथरली, आणि मे महिन्यात वाशीच्या फळबाजारातून आणलेली हापूसची पेटी नेमकी जाळीला टेकवून ठेवली. पंखा घरघरू लागला. जाळीमागच्या गाळणीतून मेकॅनिकने चादरीचे सूत आणि पेटीतले गवत उपसून काढले. घरात त्याची नोंद ‘मेकॅनिकचा कांगावा’ अशी झाली.

परंतु खरी फजिती गणपतीत झाली. मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे माझ्या गाडीच्या दृष्टीस पडू नयेत, या वात्सल्याने तिला आच्छादन घालून आम्ही पनवेलहून रेल्वेने रत्नागिरीस गेलो, आणि महिन्याने परतून पाहतो तो दारही उघडेना. किल्लीच्या पोटात दडविलेल्या धातूच्या किल्लीने दार उघडले खरे, पण गाडी निपचितच. कारण असे की, शंभरावर व्होल्टांची मोठी बॅटरी साहेबासारखी आतल्या दालनात विराजमान असली, तरी तिच्या दालनाचे कुलूप उघडण्याचा अधिकार बारा व्होल्टांच्या एका लहानशा बॅटरीकडे असतो. आणि हा शिपाई, बसल्या जागी गाडीचे कुलूप नि संगणक राखता राखता, महिनाभरात उपाशी निजला होता. साहेब भरपेट, पण कचेरी बंद! हयातभर शिपायांच्या मर्जीवर कचेऱ्या उघडताना पाहिलेल्या मला हे अगोदरच उमगावयास हवे होते. आठवड्यातून एकदा गाडी ‘रेडी’ करून अर्धा तास ठेवली असती, तर मोठीनेच धाकटीला जेवू घातले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिकने वॉचमनच्या खोलीतून तार ओढून धाकटीला चार्जर जोडला, आणि मी आच्छादनाची घडी हातात घेऊन शेजारी उभा होतो, तोच अण्णा फिरायला निघाले. तारेवरून त्यांची नजर सावकाश खोलीपर्यंत गेली आणि परत माझ्यावर आली.

“म्हणजे इथेच लावता!” ते म्हणाले. “आणि इतके दिवस सांगत नव्हता!”