वजनमापातनं आलाय काय?

पुण्याहून कोल्हापूरला निघालेल्या त्या गाडीत एसीचा झोत आजीच्या वाट्याला आलाच नाही. तो मधल्या पिशवीकडे वळवलेला होता. पिशवीत नातीचं इन्शुलिन. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावं लागतं. आजीसाठी तसा काही नियम नसल्याने ती खंबाटकी घाटापर्यंत पदराने वारा घेत होती.

नात नऊ वर्षांची, टाइप १ मधुमेहाची. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड खाण्याशी त्याचा संबंध नाही. साताऱ्यात पेढ्यांच्या दुकानात भेटलेल्या गृहस्थांना मात्र हे मुळीच पटलं नाही. कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड अशी औषधं त्यांनी चढत्या भाजणीत सांगितली. ते जांभळापर्यंत पोचले, तोवर पोरीने कंदी पेढा खिशातल्या वजनकाट्यावर तोलला होता. आईने हिशेब करून इन्शुलिनच्या पेनवर युनिट लावलं, आणि गृहस्थांच्या डोळ्यांदेखत पेढा गट्टम!

कोल्हापुरात जेवणाची वेळ झाली. जलद काम करणारं इन्शुलिन साधारण जेवणाआधी १० ते १५ मिनिटं टोचतात, आणि एकदा टोचलं की ते कुणासाठी थांबत नाही. वेटरचं ‘दोन मिन्टांत आणतो’ हे वेळेचं माप नसून सांत्वन असतं. तेवढ्यात साखर ७० च्या खाली घसरली, तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. म्हणून आईचा दंडक असा, की अनोळखी हॉटेलात भाकरी दिसल्याशिवाय सुई नाही.

“आधी भाकरी आणा, रस्सा सावकाश चालेल,” ती म्हणाली. कोल्हापुरात येऊन रस्सा सावकाश? वेटरने तिच्याकडे दयेने पाहिलं.

इन्शुलिनचा हिशेब पिष्टमय पदार्थांवर. मटणात ते जवळजवळ नसतात, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातही बेताचेच. सगळी मेख भाकरीत, आणि ‘एक भाकरी’ म्हणजे किती हे ज्या त्या थापणारीच्या हातावर. आईने काटा काढला, भाकरी ठेवली, आकडा वहीत टिपला. वेटर आत पळाला. पाठोपाठ मालक हात पुसत बाहेर आले.

“वजनमापातनं आलाय काय, म्याडम?”

आई खुलासा करणार, इतक्यात दुसरी भाकरी आली. पहिलीच्या सहज दीडपट! आधीची वजनात कमी भरली असणार, या शंकेने मालकांनी परस्पर भरपाई करून टाकली होती. वहीतला हिशेब कोलमडला. पोर शांतपणे म्हणाली, “आई, ही दीड धर.”

खरा प्रकार कळल्यावर मालकांचा जीव भांड्यात पडला. “मग आधी सांगायचं न्हाई व्हय!” असं म्हणून त्यांनी भटारखान्याकडे तोंड करून जी आरोळी ठोकली, ती रस्त्यापलीकडे गेली असावी: “पोरीला टोचलंया, ताट पळीव!” सगळं हॉटेल वळून बघू लागलं. खरं तर सुई अजून टोचायचीच होती. पण ताट खरोखर पळत आलं.

चरबीयुक्त जेवण सावकाश पचतं, त्यामुळे साखर कधी कधी काही तासांनी वर जाते. रात्री लॉजवर पोरीच्या दंडावरच्या सेन्सरने बाबांच्या फोनवर ठणाणा केला. आई-बाबा आकडे बघत डोस ठरवत बसले. आजीने कूस बदलली.

“मटण आत्ता पोचलं वाटतं,” ती म्हणाली, आणि पंखा वाढवायला सांगितला.